मिटन्सची जादा जोडी

मागच्या महिन्यात ईडन प्रेरी या गावाहून एका ओळखीच्या बाईंचा फोन आला. त्यांच्या सुनेची गाडी बर्फात अडकली, मदत येईपर्यंत ती दोन तास पातळ हातमोज्यांत उभी राहिली आणि आता तिच्या हाताची बोटं काळी पडली आहेत. "तुम्हालाही असंच झालं होतं ना? तिच्याशी दोन शब्द बोलाल का?" सून फोनवर आली. तिनं एकच विचारलं, "काळं झालेलं बोट परत पूर्वीसारखं होतं का?" मी खरं ते सांगितलं, की कधी होतं, कधी नाही, आणि दोन महिने तरी कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. मग आम्ही बराच वेळ बोललो. हाताच्या पिशव्या, कापूस, खाज, बाथरूम, सगळं. फोन ठेवल्यावर वाटलं, हे सगळं मी लोकांना सांगते, पण गोष्टीचा मधला भाग नेहमी गाळते. तो आता लिहून टाकते.

मी आणि माझा हात

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी नागपूरहून परदेशी, श्रूजबरीला दादाकडे आले. दादा म्हणजे अरुण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. बाबा लवकर गेले, तेव्हापासून घरातला शब्द त्याचाच. आईदेखील त्याला विचारल्याशिवाय पडदे बदलत नसे. मी सव्वीस वर्षांची होते, दातांची डॉक्टर होते आणि लग्न व्हायचं होतं. आईच्या लेखी यातली तिसरी गोष्ट पहिली होती.

इथे दातांचं काम करायला नव्यानं परीक्षा द्यावी लागते. लेखी मी पास झाले होते. प्रॅक्टिकल जूनमध्ये होतं. परीक्षक समोर बसतात, प्लॅस्टिकच्या जबड्यातला दात कोरायचा, भरायचा, आणि केसाएवढी चूकही चालत नाही. दादाच्या तळघरात मी टेबल, दिवा आणि जबडा मांडला होता. रोज चार तास बसायची. माझा हात चांगला होता. हे मी नम्रपणा वगैरे बाजूला ठेवून लिहिते, कारण आता तो नाही, आणि नसलेल्या गोष्टीची फुशारकी कोणी मारत नाही.

वहिनी, म्हणजे सुलभा, तळघरात चहा घेऊन यायची आणि जबड्याकडे बघून म्हणायची, "ह्याला तरी एकदा हसव गं बाई."

डोंगर

दादाचे साहेब वॉल्टर दर हिवाळ्यात ऑफिसातल्या निवडक लोकांना घेऊन न्यू हॅम्पशरच्या डोंगरात स्कीइंगला जात. तीन वर्षं दादा त्या आमंत्रणाची वाट बघत होता. त्या वर्षी ते आलं, आणि "ब्रिंग युअर सिस्टर" असंही साहेब म्हणाले. दादानं मला चार रविवार शेजारच्या गोल्फच्या मैदानावर चालवून घेतलं. मी पडायला शिकले. थांबायला तेवढं जमत नव्हतं.

हे स्कीइंग पाळण्यात बसून वर जाण्याचं नव्हतं. स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवायची म्हणजे मागे घसरायला होत नाही, आणि दोन्ही हातांत पोल, म्हणजे टेकायच्या काठ्या, धरून आपल्याच पायांनी जंगलातून डोंगर चढायचा. वर गेल्यावर पट्ट्या सोलून काढायच्या आणि खाली यायचं. आम्ही आठ जण होतो. गाड्या लावल्या तिथून वर बघितलं तर माथ्यावरून बर्फाची धूळ उडत होती. कॅरोल म्हणून दादाच्या ऑफिसातली एक बाई होती, पन्नाशीची, दणकट. ती वर बघत काहीतरी पुटपुटली. वॉल्टर म्हणाले, "जरा वारा आहे," आणि सगळे हसले. मी बुटांच्या नाड्यांशी झटापट करत होते.

झाडांत होतो तोवर मला मजा येत होती, खोटं बोलणार नाही. झाडं संपली आणि वारा काय असतो ते कळलं. श्वास घ्यायला तोंड फिरवावं लागत होतं. खिंडीत एका खडकाच्या आडोशाला वॉल्टरनी सगळ्यांना थांबवलं आणि जेवण म्हणाले.

बाकीच्यांचं जेवण म्हणजे खिशातलं चॉकलेट. मिटन्स, म्हणजे चारही बोटं एकत्र घालायचे जाड हातमोजे, न काढता खायचं आणि उठायचं. आमच्याकडे मात्र वहिनीनं पहाटे उठून केलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लिंबाचं गोड लोणचं आणि थर्मासभर चहा. वॉल्टरनी कौतुकानं विचारलं, "काय आणलंयस अरुण?" आणि दादाचा चेहरा उजळला.

"शैला, सगळ्यांना वाढ."

मी वाढलं. माझ्या पिढीतल्या किती जणी नसत्या वाढल्या, ते मला कोणी सांगावं. मिटन्स काढून काखेत धरले, आतले पातळ मोजे तेवढे हातात. फॉइलच्या तुकड्यावर दोन पुऱ्या, थोडी भाजी, आठ जणांना. "वॉल्टरना अजून एक दे," दादा म्हणाला. मग चहा. वाऱ्यानं तो कपात कमी आणि माझ्या उजव्या मोज्यावर जास्त पडला. कप द्यायला हात वर केला आणि काखेतला एक मिटन निसटला. वाळत घातलेलं फडकं उडावं तसा तो उतारावरून गेला. कोणीतरी "ओह नो" म्हणालं. पुऱ्या छान झाल्या होत्या असंही कोणीतरी म्हणालं.

मी दादाजवळ जाऊन हळूच विचारलं, "दादा, अजून एखादी जोडी आहे?"

"नाही गं. हात खिशात घाल."

"मग पोल कसे धरू?"

"एकच मिटन आहे तो आलटून पालटून घाल. इथून खाली अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. आता सगळ्यांना थांबवू नकोस, प्लीज."

अर्ध्या तासाचे पावणेदोन तास झाले. वाऱ्यात उभं राहवत नव्हतं, मी सारखी पडत होते आणि प्रत्येक वेळी उजवा हात बर्फात जात होता. आधी इतकं दुखलं की डोळ्यांतून पाणी येऊन ते गालावर गोठलं. मग दुखणं थांबलं. मला हायसं वाटलं. थंडीत कामं करणाऱ्या प्रत्येकाला मी आज हात जोडून सांगते, की दुखायचं थांबलं की ती वेळ घाबरण्याची असते.

खाली येताना कॅरोल एकदा थांबली आणि मागे वळून ओरडली, "अरुण, तिचे हात ठीक आहेत का?"

"शी इज फाइन!" दादा ओरडला. "जस्ट स्लो!"

मी त्याच्यामागे दहा पावलांवर होते. इंग्रजी मला येत होतं. सगळं शिक्षण त्यात झालं होतं. "नो, आय ॲम नॉट" एवढेच शब्द हवे होते. मी ते बोलले नाही. मोठा भाऊ चारचौघांत आपल्या वतीनं बोलला की आपण मध्ये तोंड घालायचं नाही, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ते मुळातच अंगात होतं. त्या दोन सेकंदांसाठी मी स्वतःवर अजूनही चिडते, आणि मग त्याच्यावर चिडते, आणि हा क्रम कधी बदलत नाही.

गरम पाण्याचा टब

डोंगराच्या पायथ्याशी एक छोटं हॉस्पिटल होतं. तिथल्या डॉक्टरांनी मोजे कापून काढले. उजव्या हाताची मधली तीन बोटं मेणासारखी पांढरी दिसत होती. डॉक्टरांनी पेनानं तर्जनीवर टकटक केली, आणि टेबलावर वाजावं तसा आवाज आला. ते माझं निदान. शब्द त्यांनी नंतर सांगितला, फ्रॉस्टबाइट, पण मला तो आवाज पुरला.

मग हात कोमट पाण्याच्या टबात. गोठलेलं बोट परत जागं होताना जे होतं त्याचं वर्णन मी करणार नाही. मी आईच्या नावानं ओरडले, एवढं सांगते. दादा माझे खांदे धरून उभा होता आणि रडत होता.

डॉक्टरांनी विचारलं, हे झालं कसं? माझे दात घट्ट मिटलेले. दादानं उत्तर दिलं, "जेवताना तिनं ग्लव्ह्ज काढले. तिला कल्पना नव्हती." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. तरी ते कागदावर जाताना मला काहीतरी खटकलं, आणि मला वाटलं ती बोटांची भीती असेल.

कळ जरा कमी झाल्यावर मी म्हटलं, "मी डेंटिस्ट आहे. माझी बोटं राहतील ना?"

"दोन महिन्यांनी विचारा," डॉक्टर म्हणाले. त्यांचा स्वर कठोर नव्हता, थकलेला होता.

हात टांगलेले दिवस

दुसऱ्या दिवशी मला घराजवळच्या मोठ्या हॉस्पिटलात आणलं. तिथे पंधरा दिवस काढले. दोन्ही हात पिशव्यांत घालून वर टांगलेले, बोटांच्या मध्ये कापूस. दिवसातून दोनदा घुसळणाऱ्या पाण्याच्या टबात बुडवायचे. डाव्या हाताला नुसते फोड आले आणि तो हळूहळू सुधारत गेला. उजव्या हाताच्या फोडांत रक्त होतं. दुसऱ्या आठवड्यात टोकं काळपट झाली, मग काळी. रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी मी स्वतःशी ठरवायची की आज बघायचं नाही, आणि डोळे उघडले की आधी तिकडेच बघायची.

दोन्ही हात वर बांधलेले असले की नाकाला खाज सुटते. ही गोष्ट कोणत्याही पुस्तकात दिलेली नाही. ग्लोरिया म्हणून एक नर्स होती, पोर्तो रिकोची, माझ्यासारखीच उन्हातून आलेली. ती खोलीत शिरताच आधी माझं नाक खाजवायची, मग टेंपरेचर घ्यायची. "फर्स्ट थिंग्ज फर्स्ट," म्हणायची. मी कधी रडत असले तर ती टिश्यूनं डोळे पुसायची आणि दुसऱ्या टिश्यूनं नाक. त्या पंधरा दिवसांत मला सर्वात जास्त धीर तिच्या त्या दोन टिश्यूंनी दिला.

आणि वहिनी. वहिनीला बर्फात गाडी चालवायची भयंकर भीती. तोवर ती फक्त दुकानापर्यंत जायची, तेही कोरड्या रस्त्यावर. ती रोज दुपारी येऊ लागली. स्टीअरिंग धरून धरून तिचे हात आखडलेले असत, आणि त्याच हातांनी ती मला वरणभात भरवी, वेणी घाली. संडासला नेई. सव्वीस वर्षांच्या बाईला दुसऱ्या बाईनं धुणं म्हणजे काय, ते ज्यांच्यावर वेळ आली त्यांनाच कळेल. मी भिंतीकडे बघत राहायची. वहिनी त्या वेळी मुद्दाम काहीतरी फालतू बोलत राही, आमटी कशी करपली, मीनलच्या शाळेत काय झालं. मीनल म्हणजे त्यांची सहा वर्षांची मुलगी.

आईशी फोनवर दादाच बोलायचा. नागपूरला फोन शेजारच्या देशकरकाकूंकडे होता. आधी वेळ ठरवायची, मग आई तिथे जाऊन बसायची.

"आईला काय सांगितलंस?" मी विचारलं.

"बोटांना थंडी लागली म्हटलं. होईल बरं."

"खरं सांग ना तिला."

"कशाला? ती तिकडे बसून काय करणार, नुसती काळजी. आणि तुझं लग्नाचं चाललंय, देशकरकाकू ऐकत असतात बाजूला."

आमच्या घरात दुखणं नेहमी असंच, बरं झाल्यावर कळवायचं.

कॅरोल

नवव्या दिवशी कॅरोल भेटायला आली. घरी केलेला संत्र्याचा मुरंबा आणला होता. बराच वेळ ती हवेबद्दल बोलली आणि माझ्या हातांकडे बघायचं टाळत राहिली. मग एकदम म्हणाली, "एक विचारू? ते लहान होत होते का तुला?"

"काय?"

"मिटन्स. माझी जादा जोडी. गाड्या लावल्या तिथे मी अरुणकडे दिली होती, तुझ्यासाठी. तू पहिल्यांदाच वर येत होतीस म्हणून. तुझा एक उडाला तेव्हा मी मनात म्हटलं, बरं झालं आपण दिले. पण मग तू घातलेले दिसले नाहीत. मी ओरडून विचारलं, तर अरुण म्हणाला तू ठीक आहेस."

खोलीत हीटरचा आवाज येत होता. मला आठवतं, मी कॅरोलच्या कोटाचं वरचं बटण बघत होते.

"हो," मी म्हटलं. "लहान होत होते."

हे मी का म्हटलं? घरातली गोष्ट बाहेरच्याला कळू नये म्हणून. दुसरं कारण नाही. बोटं काळी झालेली, हात टांगलेले, आणि मी माझ्या भावाची अब्रू झाकत होते. कॅरोलचा जीव भांड्यात पडला. ती गेल्यावर ग्लोरिया आली, तिनं नाक खाजवलं, आणि मी तिला तो मुरंबा घेऊन जायला सांगितलं.

संध्याकाळी दादा ऑफिसातून आला.

"दादा, कॅरोलनं मिटन्स दिले होते तुझ्याकडे?"

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. तो खुर्चीत बसला. "कोण म्हणालं?"

"कॅरोल."

मग तो "उद्या बोलू" म्हणून उठून गेला. उद्या तो आला नाही. परवाही नाही. वहिनी म्हणाली ऑफिसात काम निघालंय. तिसऱ्या दिवशी आला, दाढी करून, नीट कपडे घालून, आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "शैला, मी विसरलो गं. कॅरोलनं घाईत दिले, मी बॅगेत तळाशी टाकले, आणि त्या वाऱ्यात साफ विसरलो. मला माफ कर."

मला त्यावर विश्वास ठेवायचा होता. विसरणं मला समजत होतं. नागपूरला मी एकदा एका आजोबांच्या भलत्याच बाजूच्या हिरडीत इंजेक्शन देता देता वाचले होते. विसरलेल्या माणसावर राग धरायला जागा कुठे असते? तरी लगेच "बरं" म्हणणं माझ्या जिवावर आलं. मी "बघू" म्हटलं. तो माझ्या पायांना हात लावून गेला. अकरा वर्षांनी मोठा भाऊ.

दोन महिने

घरी आल्यावर थांबणं सुरू झालं. मेलेला भाग आणि जिवंत भाग यांच्यामध्ये शरीर आपणच रेघ ओढतं, आणि ती रेघ स्पष्ट होईपर्यंत डॉक्टर सुरी उचलत नाहीत. मी रोज ती रेघ बघायची. एका आठवड्यात ती खाली सरकल्यासारखी वाटली आणि मी वहिनीला हाका मारून दाखवलं. ती सरकली नव्हती. ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांना एवढंच सांगते, की रोज बघू नका, आणि बघितलंत तरी स्वतःला दोष देऊ नका.

दादा माझं सगळं करत होता. डॉक्टरकडे नेणं, फळं कापून देणं, रजा टाकून बसणं. आणि मार्चमध्ये वॉल्टरचं परत आमंत्रण आलं.

"मी जाऊ ना?" दादानं जेवताना विचारलं. कोणाला विचारलं ते कळलं नाही.

वहिनीनं आमटीचं भांडं इतक्या जोरात ठेवलं की मीनल दचकली. "जा," वहिनी म्हणाली. "पुऱ्या मी करणार नाही."

"सुलभा, यू डोन्ट अंडरस्टँड. नाही गेलो तर त्यांना वाटेल मी त्यांना ब्लेम करतोय."

"मग कर ना कोणाला तरी ब्लेम, अरुण. कोणाला तरी कर."

तो गेला. पहाटे त्याची गाडी निघाल्याचा आवाज मी वरच्या खोलीत ऐकला. मला त्या दिवशी इतका राग आला की मी डाव्या हातानं तळघरातला जबडा टेबलावरून खाली ढकलला. त्याचा एक दातसुद्धा निघाला नाही. वहिनीनं तो उचलला, पुसला आणि त्यावर चादर टाकली.

एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट वरच्या पेरापासून गेलं, अनामिकेचं टोक गेलं. शुद्धीवर आले तेव्हा बोटं दुखत होती, जी नव्हती तीच. प्रॅक्टिकल परीक्षेतून मी नाव काढून घेतलं. पुढे बऱ्याच वर्षांनी मी दातांचे एक्स-रे वाचायला शिकवू लागले, आणि मुलं म्हणतात मी बरी शिकवते. पण दात भरणारा माझा हात त्या वसंतात संपला, आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. "देव एक दार बंद करतो" वगैरे मला कोणी ऐकवू नये.

पट्टी निघाली तेव्हा मीनलनं नीट बघितलं. "विल दे ग्रो बॅक, आत्या?"

"नाही गं."

"नॉट ईव्हन अ लिटल?"

"अजिबात नाही."

"ओके," ती म्हणाली, आणि माझ्या हातावर तिच्या बाहुलीचा मोजा घालून बघितला. त्या घरात त्या हाताला न घाबरता हात लावणारी ती पहिली.

पत्र

मग व्यायाम. राजमा एका वाटीतून दुसऱ्या वाटीत. अंगठा आणि अनामिकेत पेन धरायला शिकले. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं, पण माझं. जूनमध्ये, ज्या आठवड्यात ती परीक्षा असायची त्याच आठवड्यात, मी आईला पहिलं पत्र लिहिलं. बोटं गेल्याचं तिला एव्हाना कळलं होतं; दादानं ऑपरेशननंतर सांगितलं होतं. मी बाकीचं लिहिलं. मिटन्सचं, कॅरोलचं, सगळं. आणि शेवटी लिहिलं, "दादावर माझा फार राग होता. आता नाही. तो विसरला. त्या वाऱ्यात मीही विसरले असते. मी त्याला माफ केलंय, तूही मनात काही ठेवू नकोस."

हे लिहायला मला तीन दिवस लागले. लिहून झाल्यावर खरंच हलकं वाटलं. त्या रविवारी दादाबरोबर बसून मी टीव्ही पाहिला आणि आम्ही हसलो.

तीन आठवड्यांनी आईचं निळं अंतर्देशीसारखं एअर लेटर आलं, माझ्या नावानं. शनिवारची दुपार होती. वहिनी मीनलला पोहायच्या क्लासला घेऊन गेली होती. जेवणाच्या टेबलाशी दादा माझ्यासाठी आंबा कापत होता, कुठल्या तरी लांबच्या दुकानातून आणलेला. मी पत्र फोडलं. वरच्या आठ-दहा ओळी तब्येतीच्या होत्या. मग आईनं लिहिलं होतं:

"तू अरुणला माफ केलंस हे वाचून माझ्या उरावरचा धोंडा उतरला. आता तुला सांगायला हरकत नाही. तू हॉस्पिटलात असताना त्याचा फोन आला होता, लहान मुलासारखा रडत होता. म्हणाला, आई, मोजे माझ्या पाठीवरच होते, मला चांगलं ठाऊक होतं. पण पट्टे सोडून सगळी पिशवी उपसायची, साहेबांना वाऱ्यात ताटकळत ठेवायचं, पहिल्याच वेळी, मला लाज वाटली. आता शैलाला काय सांगू? मीच त्याला म्हटलं, विसरलो म्हणून सांग. विसरलेल्यावर कोणी रागावत नाही. पोरीचं मन मोठं आहे, ती धरून ठेवणार नाही. आणि बघ, तसंच झालं. त्याचा संसार आहे, नोकरी आहे, त्याला जपायला हवं. तू समजूतदार आहेस. बोटांचं इकडे कोणाला लिहू नकोस, एका स्थळाचं बोलणं चाललं आहे."

मी ते एकदा वाचलं. मग पहिल्यापासून परत वाचलं, तब्येतीच्या ओळींसकट, कारण कदाचित मी काहीतरी चुकीचं वाचलं असेल.

"काय म्हणते आई?" दादानं विचारलं.

मी पत्र त्याच्याकडे सरकवलं. त्यानं हात पुसले आणि वाचायला घेतलं. तो हळू वाचतो, लहानपणापासून. ती ओळ आली तेव्हा मला कळलं, कारण त्यानं पत्र खाली ठेवलं नाही आणि पुढेही वाचलं नाही.

"शैला," तो म्हणाला. "पण तू तर मला माफ केलंयस ना. तूच लिहिलंयस तिला."

"जो विसरला होता त्याला केलं होतं, दादा."

मी वर जाऊन कपाट उघडलं आणि कपडे बॅगेत भरायला लागले. घड्या नीट जमत नव्हत्या, तशाच कोंबल्या. बॅगेची चेन मात्र काही केल्या ओढता येईना. ती धरायला चिमूट लागते, आणि माझी चिमूट गेली होती. दादा दाराशी येऊन उभा राहिला. "दे, मी लावतो," म्हणाला आणि हात पुढे केला. मी बॅग त्याच्यापासून लांब ओढली, मांडीवर घेतली आणि चेन दातांत धरून लावली.